खोलीचे भाडे आणि दिवा-पाणी



माघी पौर्णिमा जवळ आली की सालेकसा तालुक्यातील कचारगडाच्या वाटेवर माणसांची रीघ लागते. मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा स्थानकावर उतरून धनेगावाकडे निघालेले गोंड बांधव महाराष्ट्रातूनच नव्हे, तर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा इतक्या दूरवरून आलेले असतात. पारी कुपार लिंगो आणि माता जंगो यांनी कोंडलेल्या बालकांची जेथून सुटका केली अशी त्यांची श्रद्धा आहे, ती गुहा पाहावयास ते येतात. त्या दिवसांत ज्याच्या घरी एखादी खोली रिकामी आहे त्याच्या दारी, "रात्रीपुरती जागा मिळेल का?" अशी विचारणा होते. जत्रा सरली की दुसऱ्या प्रकारचा भाडेकरू येतो. बदलीवर आलेला शिक्षक, वनरक्षक, आरोग्यसेविका, तलाठी. ह्यांना महिन्या-महिन्याने खोली हवी असते.

आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन दोन पक्क्या खोल्या बांधल्या. मुले नोकरीधंद्यानिमित्त गोंदिया, नागपूर, पुणे येथे गेली आणि खोल्या रिकाम्या राहिल्या. त्या भाड्याने देऊन चार पैसे मिळवावे, असा विचार घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात आला तर त्यात वावगे काहीच नाही. परंतु खोली देण्यापूर्वी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो मला महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतोच: "वकीलसाहेब, वीज आणि पाणी भाड्यातच धरावे की त्याचे पैसे वेगळे घ्यावे?"

प्रश्न क्षुल्लक वाटतो. ह्यात लिहिण्यासारखे काय आहे, असेही कोणी म्हणेल. पण माझा अनुभव असा की घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील जितकी भांडणे भाड्याच्या रकमेवरून होतात, त्याहून अधिक ह्या दिव्यावरून आणि नळावरून होतात. भाडे किती हे दोघेही नीट बोललेले असतात. दिवा-पाण्याविषयी मात्र कोणीच नीट बोललेले नसते.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. कचारगडाच्या परिसरातील एका खेड्यात त्यांचे घर आहे. मागील दोन खोल्या त्यांनी एका तरुण नोकरदारास अठराशे रुपयांनी दिल्या होत्या. देताना ते मोठ्या मनाने म्हणाले होते, "सगळे त्यातच आले." थंडी पडली. भाडेकरूच्या घरी तान्हे मूल होते, म्हणून त्याने पाणी तापविण्याची विजेची कांडी आणली. पुढच्या महिन्याचे बिल जवळजवळ दुप्पट झाले. गृहस्थांनी जास्तीचे पैसे मागितले. भाडेकरू म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होता, सगळे त्यातच आले." त्यावर ह्यांनी फ्यूज काढून घेतला. विहिरीची मोटरही त्याच तारेवर होती, त्यामुळे पाणीही बंद झाले. तीन रात्री ते मूल अंधारात होते आणि त्याची आई शेजारच्या घरून घागरीने पाणी आणीत होती.

हे सर्व सांगून गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, त्याला नोटीस काढा. घर माझे, मीटर माझे, विहीर माझी. मी तार काढली तर कोणाच्या बापाचे काय गेले?"

मी म्हणालो, "भाऊ, नोटीस काढावयाची झाली तर ती त्याने तुम्हाला काढावयाची आहे."

ते रागावले. पण माणूस समजूतदार होता, म्हणून बसून राहिला. त्या दिवशी मी त्यांना जे सांगितले तेच आज आपणा सर्वांपुढे मांडीत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्या की रात्रीपुरता पाहुणा आणि महिन्याचा भाडेकरू ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकच माप लावता येणार नाही.

जत्रेसाठी दोन-तीन रात्री राहणाऱ्या माणसाकडून दिव्याचे वेगळे, पाण्याचे वेगळे, फोन भारित करण्याचे वेगळे असे पैसे मागणे मला मुळीच पसंत नाही. हिशेब करून पाहा. नऊ वॅटचा दिवा रात्री पाच तास जळला तर एका युनिटाचा विसावा भागही खर्च होत नाही. पंखा पंच्याहत्तर वॅटचा असतो. तो दहा तास चालला तर पाऊण युनिट होते, आणि माघात तर पंख्याची गरजही पडत नाही. म्हणजे एका रात्रीला एक युनिटसुद्धा पुरते होत नाही. इतक्यासाठी दूरच्या प्रवाशाशी दारात घासाघीस करणे आपल्या घरास शोभत नाही. एकच आकडा सांगा, त्यात अंथरूण, दिवा, पाणी सर्व आले असे स्पष्ट सांगा, आणि तो आकडा पहिल्या दिवशी जो असेल तोच गर्दीच्या दिवशीही ठेवा. मात्र दर जत्रेला खोल्या देण्याचा धंदाच आपण करणार असाल, तर घरगुती वीजजोडणीवर तो चालतो की नाही हे महावितरणच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याहून निराळ्या कामासाठी वीज वापरल्यास विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. चार रात्रींच्या कमाईसाठी वर्षाचा भुर्दंड ओढवून घेऊ नका.

आता महिन्याच्या भाडेकरूकडे वळू. येथे वीज आणि पाणी ह्यांचाही वेगवेगळा विचार केला पाहिजे. लोक "दिवा-पाणी" असा जोडशब्द वापरतात, आणि बहुतेक घोटाळा ह्या जोडशब्दातूनच निर्माण होतो.

वीज भाड्यात धरली तर काय होते, हे मी स्वतः भोगले आहे. विधि महाविद्यालयात शिकत असताना मी एका घरी खोली घेऊन राहत होतो. वीज भाड्यातच होती. मला ते सोयीचे वाटले, कारण महिन्याच्या पहिल्या तारखेस किती द्यावयाचे हे ठरलेले असे. पण थोड्याच दिवसांत घरमालक रात्री दहा वाजता मुख्य खटका बंद करू लागले. परीक्षा जवळ आली तेव्हा मी कितीतरी रात्री रेल्वे फलाटावरील दिव्याखाली बसून करारांचा कायदा वाचला. मी दिवा किती वेळ जाळतो, खोलीत कोण येते, इस्त्री वापरतो की काय, हे पाहण्यासाठी ते खिडकीशी येऊन उभे राहत. ते दुष्ट होते असे मी आज म्हणणार नाही. माझ्या प्रत्येक अर्ध्या तासाच्या अभ्यासाचे पैसे त्यांच्या खिशातून जात होते, आणि ते किती जात होते हे त्यांना कळावयास काही साधन नव्हते. म्हणून त्यांना सर्वच वापर उधळपट्टी वाटे.

न मोजलेली वीज भाड्यात धरली की मालकाच्या मनात संशय शिरतो आणि भाडेकरूच्या मनात बेफिकिरी शिरते. ह्यावर उपाय एकच. खोलीच्या तारेवर एक लहान पोटमीटर बसवा, महिन्याच्या ठरल्या तारखेस दोघांनी मिळून आकडा वाचा, तो वहीत लिहा आणि दोघांनी सही करा. पोटमीटर एकदाच विकत घ्यावा लागतो. तो खर्च मालकाने करावा, कारण घर त्याचे आहे आणि मीटर घरातच राहणार आहे.

परंतु पोटमीटर बसविला म्हणजे न्याय झाला असे समजू नका. पैसे कोणत्या दराने घ्यावयाचे, हा पुढचा प्रश्न आहे, आणि येथे चांगली माणसेही चुकतात. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० युनिटांना त्याहून चढा दर, आणि पुढे आणखी चढे दर असतात. एकाच मीटरवर दोन कुटुंबे आली की दोघांची युनिटे एकत्र होतात आणि बिल वरच्या टप्प्यात जाते.

उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. हे खरे दर नव्हेत. समजा, पहिल्या १०० युनिटांचा दर ५ रुपये आणि त्यापुढील युनिटांचा १० रुपये आहे. मालकाची ९० युनिटे झाली, भाडेकरूची ६० झाली. एकूण १५० युनिटांचे बिल १,००० रुपये झाले. दोघांचे मीटर वेगळे असते तर मालकाला ४५० आणि भाडेकरूला ३०० रुपये, म्हणजे दोघांना मिळून ७५० रुपये पडले असते. अडीचशे रुपये केवळ एका मीटरवर दोघे असल्यामुळे वाढले. हे अडीचशे कोणी सोसावे?

मालक म्हणतो, "मी एकटा असतो तर ४५० च भरले असते, तेव्हा उरलेले ५५० तू भर." भाडेकरू म्हणतो, "मी एकटा असतो तर ३०० च भरले असते. तेव्हा तेवढेच देईन." दोघांचेही गणित आपापल्या परीने बरोबर आहे आणि दोघांचाही न्याय एकांगी आहे. मीटरवर प्रथम कोण आले ह्याला काही महत्त्व नाही. एकत्र येण्याने जो बोजा वाढला तो वापराच्या प्रमाणात वाटून घ्यावा. १,००० रुपयांना १५० युनिटांनी भागा. मालकाचे ६०० रुपये आणि भाडेकरूचे ४०० रुपये होतात. बिलातील स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क ही सर्व धरून जी शेवटची रक्कम येते, तिलाच अशा रीतीने भागावे, आणि ते बिल भाडेकरूला दाखवावे. हाच सर्वांत सरळ हिशेब आहे, आणि पाचवी शिकलेल्या मुलालाही तो करता येतो.

ह्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेऊ नका. काही ठिकाणी मालक पोटमीटरच्या युनिटाला मनाला येईल तो दर लावतात आणि विजेवरही नफा काढतात. आपल्याला नफा हवा असेल तर तो खोलीच्या भाड्यात उघडपणे मागा. भाडेकरूला परवडले तर तो देईल, नाही तर दुसरी खोली पाहील. विजेच्या दरात लपविलेला नफा हा अप्रामाणिकपणा तर आहेच. शिवाय परवान्यावाचून विजेचा व्यापार करण्यास २००३ च्या अधिनियमाच्या कलम १२ ने मनाई केली आहे, हेही विसरू नका. भाडेकरू बरीच वर्षे राहणार असेल तर त्याच्या खोल्यांसाठी स्वतंत्र जोडणीचा अर्ज करणे सर्वांत उत्तम. त्यात स्थिर आकार दोन वेळा भरावा लागेल, पण टप्प्याचा भुर्दंड टळेल आणि भांडणाचे मूळच राहणार नाही.

पोटमीटर बसविणे शक्यच नसेल तर वीज भाड्यात धरा, पण कोणती उपकरणे चालतील हे आधी ठरवा. दिवे आणि पंखा यांची चिंता करू नका. दिवा महिन्यात दीड युनिटही खात नाही. पंधराशे वॅटची पाणी तापविण्याची कांडी दिवसातून एक तास चालली तर महिन्यात ४५ युनिटे होतात. दोन हजार वॅटची शेगडी रोज एक तास चालली तर ६० होतात. भांडण दिव्यावरून झाले असे लोक म्हणतात, पण ते प्रत्यक्षात शेगडीचे असते. तेव्हा शेगडी आणि कांडी यांविषयी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. माझ्याकडे आलेल्या गृहस्थांनी एवढे एक वाक्य उच्चारले असते तर ते मूल अंधारात राहिले नसते.

आता पाणी. येथे माझे मत निराळे आणि ठाम आहे. घरगुती वापराचे पाणी नेहमी भाड्यातच धरावे. त्याचा वेगळा आकडा कधीही मागू नये.

व्यवहार म्हणून पाहिले तरी हेच शहाणपणाचे आहे. खेड्यात ग्रामपंचायतीची पाणीपट्टी बहुधा वर्षाची ठरावीक असते. भाडेकरूने दोन बादल्या जास्त घेतल्याने ती वाढत नाही. घरच्या विहिरीवर मोटर असेल तर एक अश्वशक्तीची मोटर तासाला सुमारे पाऊण युनिट वीज घेते. ती रोज अर्धा तास चालली तर महिन्यात अकरा-बारा युनिटे होतात, आणि त्यातील निम्मे पाणी तर आपण स्वतः वापरतो. म्हणजे पाच-सहा युनिटांसाठी एका घरातील बाईने दुसऱ्या घरातील बाईच्या बादल्या मोजत बसावयाचे! २०१९ साली घोषित झालेल्या जलजीवन योजनेत ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे मान धरले आहे. कुटुंबात चार माणसे असतील तर २२० लिटर झाले. एवढे पाणी भाडेकरूस मिळेल असा मनाशी हिशेब करा, त्याचा खर्च भाड्यात मिळवा, आणि मग पाण्याचा विषय बंद करा. उन्हाळ्यात विहीर आटली, टँकर मागवावा लागला, तर तो खर्च माणसांच्या संख्येवर वाटून घ्यावा. पण तेही आधी सांगून ठेवावे.

व्यवहाराखेरीज दुसरेही कारण आहे, आणि ते आपणास सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी आपली माणसे का गेली होती? त्या तळ्याचा दावा उच्च न्यायालयातून निकालात निघावयास १९३७ साल उजाडले. ज्यांच्या वाडवडिलांना पाण्याच्या हक्कासाठी दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, त्यांच्या घरी भाडेकरूला वठणीवर आणण्यासाठी नळाची तोटी फिरविली जात असेल, तर आपण काय शिकलो? "माझी विहीर" हे शब्द गावागावांतून आपल्याला ऐकविले गेले आहेत. ते आपल्या तोंडी येताना जीभ अडखळली पाहिजे.

ह्यापुढे कायदा काय म्हणतो ते पाहा. विदर्भात पूर्वी भाडेनियंत्रणाचा १९४९ चा निराळा आदेश होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. तो राज्यातील प्रत्येक खेड्यास लागू नाही. त्याच्या अनुसूचींत जी ठिकाणे नमूद आहेत तेथील जागांना तो लागू होतो. आपले गाव त्यात आहे की नाही, हे वकिलास विचारून घ्यावे. जेथे तो लागू आहे तेथे कलम २९ प्रमाणे घरमालकास न्याय्य आणि पुरेशा कारणावाचून भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडता किंवा रोखता येत नाही. पाणी, वीज, जिन्यातील दिवे आणि सफाईची सोय ही सर्व त्या पुरवठ्यात येतात. भाडेकरू न्यायालयात जाऊन पुरवठा पूर्ववत करून मागू शकतो. इतकेच नव्हे, तर भाडेकरूने पैसे दिले असता मालकाने बिल थकविले आणि त्यामुळे पुरवठा तुटला, तरी तो मालकानेच रोखला असे समजले जाते.

त्याच अधिनियमाचे कलम ५५ प्रत्येक मालकाने पाठ करावे. खोली भाड्याने द्या की परवानगीने वापरावयास द्या, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती त्याने पार न पाडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि खरी मेख पुढेच आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे "वीज वेगळी ठरली होती" असे आपण कितीही शपथेवर सांगा; तो "भाड्यातच होती" म्हणाला तर पुरावा आणण्याचे ओझे आपल्या डोक्यावर येते.

जेथे हा अधिनियम लागू नाही तेथे मनमानीला मोकळे रान आहे, असे मात्र समजू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ सांगते की भाडे देणाऱ्या आणि करार पाळणाऱ्या भाडेकरूस त्या जागेचा निर्वेध उपभोग मिळाला पाहिजे. विद्युत अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालकच नव्हे, तर त्या जागेत राहणारा माणूसही वीज मागू शकतो. दिलीप विरुद्ध सतीश ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्टच सांगितले की वीज ही मूलभूत सोय आहे, आणि मालक ना-हरकत पत्र देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. तेव्हा "मीटर माझे" ह्या वाक्यात आता फारसा दम उरलेला नाही.

भाडेकरूने भाडे थकविले, बिलाचे पैसे बुडविले, तर मालकाने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. त्यासाठी अनामत रक्कम घ्यावी, लेखी मागणी करावी, मुदत द्यावी, आणि तरीही न दिल्यास न्यायालयात जाऊन पैसे व जागा दोन्ही मागावी. हा मार्ग लांबचा आहे, हे मी नाकारीत नाही. पण फ्यूज काढणे हा जवळचा मार्ग दिसतो तो दिसण्यापुरताच. त्या वाटेने गेलेला मालक आपला खरा दावाही दुबळा करून घेतो.

करारात काय लिहावे, हे थोडक्यात सांगतो. खोलीचे भाडे किती; पाणी त्यात धरले आहे; वीज पोटमीटरप्रमाणे असून महावितरणचे बिल एकूण युनिटांनी भागून येईल तो दर लागेल; आकडा कोणत्या तारखेस दोघे वाचतील; पैसे कोणत्या तारखेपर्यंत द्यावयाचे; खोली देतेवेळी पोटमीटरवर कोणता आकडा होता; महावितरणकडूनच वीज गेली तर त्यास मालक जबाबदार नाही; मोटर बिघडली तर ती कोणी किती दिवसांत दुरुस्त करावयाची. एवढी आठ वाक्ये पुरेत. आता असा करार संगणकावरूनही नोंदविता येतो. आणि प्रत्येक रकमेची पावती द्या, मग ती दहा रुपयांची का असेना. आपल्या घरी शिकलेली मुलगी किंवा सून असेल तर ही वही तिच्या हाती सोपवा. हिशेब चोख राहील.

शेवटी एका खोलीची आठवण करून देतो. सप्टेंबर १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्यास गेले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लावून त्यांना राहावे लागले. तेथील वरच्या मजल्यावरील लहानशा खोलीला लागून न्हाणीघर होते आणि त्यात नळही होता. पण त्या साऱ्या मजल्यावर ना विजेचा दिवा होता, ना तेलाचा. रखवालदार एक छोटासा कंदील आणून देई आणि त्याचा उजेड काही इंचांच्या पलीकडे जात नसे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांना ती खोलीही सोडावी लागली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. जगातील नामांकित विद्यापीठांत शिकलेल्या त्या माणसाला परक्याच्या घरातील अंधार काय असतो, हे पुरेपूर ठाऊक होते.

आज काळ बदलला आणि आपल्यापैकी काहींच्या कमरेला घराच्या किल्ल्या आल्या. खोली मागावयास येणारा कोणत्याही जातीचा, कोणत्याही धर्माचा असो, त्याला आपल्या घरातील दिवा आणि पाणी मालकाच्या मर्जीवर मिळता कामा नये. ते ठरल्या कराराने आणि त्याच्या हक्काने मिळाले पाहिजे.

ते गृहस्थ त्या दिवशी माझ्याकडून उठून घरी गेले आणि दिवेलागणीपूर्वी त्यांनी फ्यूज परत बसविला. आठ दिवसांनी ते आणि त्यांचा भाडेकरू, दोघे एकाच दुचाकीवरून माझ्याकडे करार लिहून घ्यावयास आले. भाडे दोनशे रुपयांनी कमी झाले होते, वीज वेगळी झाली होती, आणि पाणी भाड्यातच राहिले होते.

आपल्या घरी खोली द्यावयाची असेल तर ह्या पंधरवड्यातच कागद घेऊन बसा. भाडेकरू दारात येण्यापूर्वी पाणी भाड्यात धरा, वीज मोजून घ्या, जे ठरेल ते लिहून काढा; आणि एकदा खोली दिली की त्या खटक्याला आणि त्या तोटीला रागाने हात लावू नका.